सूक्ष्म-आरएनए, रक्तातील : कर्करोगाचे दर्शक
रक्तातील ज्या आखूड रिबोन्यूक्लिइक अम्ल (आरएनए) रेणूंच्या प्रमाणातील बदलावरून शरीरातील कर्करोगाचा सुगावा लागू शकतो, त्यांना सूक्ष्म-आरएनए दर्शक म्हणतात. हे रेणू सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे असतात. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही; संदेशक आरएनएला जोडले जाऊन ते प्रथिननिर्मितीस आळा घालतात. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत त्यांचा शोध लावला. याबद्दल त्यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या कोशिकांत काही सूक्ष्म-आरएनए वाढतात, तर काही घटतात. प्रथिनांशी बद्ध किंवा सूक्ष्म पुटिकांत बंदिस्त असल्याने ते रक्तात टिकून राहतात. अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगात मीर-१४१ वाढलेला असल्याचे २००८ मध्ये दिसून आले. मापनासाठी आरएनएचे डीएनएत रूपांतर करून पॉलिमरेज शृंखला विक्रियेने त्याच्या असंख्य प्रती करतात. नमुन्यातील तांबड्या कोशिका फुटल्यास त्यांतील मीर-१६ व मीर-४५१ रक्तद्रवात मिसळून निष्कर्ष चुकतो.

वृषणाच्या जननकोशिकाजन्य अर्बुदांत मीर-३७१ हा दर्शक विशेष आश्वासक ठरला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१६ रुग्णांच्या अभ्यासात त्याने सुमारे ९० टक्के रुग्ण ओळखले. मात्र टेराटोमा या प्रकारात तो उपयोगी पडत नाही.

निरोगी दिसणाऱ्या लोकांची सरसकट चाचणी करणे अधिक अवघड असते. समजा, १०,००० व्यक्तींपैकी २० जणांना कर्करोग आहे आणि चाचणी ९० टक्के रुग्ण व ९५ टक्के निरोगी व्यक्ती अचूक ओळखते. अशा वेळी १८ रुग्ण सापडतील. परंतु सुमारे ५०० निरोगी व्यक्तींवरही रोगाचा संशय येईल व त्यांना पुढील तपासण्यांना सामोरे जावे लागेल.

शिवाय रोग सापडला म्हणजे मृत्यू टळला असे नव्हे. याची कसोटी मराठवाड्यात पाहावयास मिळाली. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाच्या तीन चाचण्यांची तुलना करण्यात आली. चौथा गट तुलनेसाठी होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पॅपिलोमा विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्मे झाले. उरलेल्या दोन चाचण्यांच्या गटांत लक्षणीय घट आढळली नाही.

रक्तातील सूक्ष्म-आरएनएच्या सरसकट चाचणीने मृत्यू घटतात, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून ती संशयाची दिशा दाखवणारी चाचणी होय. निश्चित निदान सामान्यतः ऊतक-परीक्षेनेच केले जाते.