सभेंतील पडदा आणि शेतकऱ्याचें म्हणणें

अलीकडे कोणत्याही सरकारी सभेंत गेलें असतां समोर पांढरा पडदा, टेबलावर प्रोजेक्टर व त्यास जोडलेला संगणक असा सरंजाम दृष्टीस पडतो. पूर्वीं पडद्यावर दाखवावें अधिकाऱ्यांनीं व पाहावें शेतकऱ्यांनीं, असा रिवाज होता. सांप्रत ती स्थिति राहिली नाहीं. २००५ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या पाणी वापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, गटशेतीचे गट यांच्या चालकांस बँकेपुढें किंवा पाटबंधारे खात्यापुढें आपलें म्हणणें पडद्यावर मांडण्याचा प्रसंग येतो. हें काम घरांतील तरुण मुलांवर सोंपवून वडील मंडळी मोकळी होतात. आमचे मतें ही चूक आहे. पडद्यावर कोणतें वाक्य वर जावें आणि कोणतें तळाशीं राहावें, हा संगणकाचा प्रश्न नसून विचाराचा आहे. त्यांत चूक झाल्यास काय होतें तें आम्हीं आपल्याच हातानें पाहिलें असल्यामुळें हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

आमची सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. २०१३ च्या उन्हाळ्यांत पाणीटंचाईच्या आढावा बैठकीसाठीं तालुक्याचें सादरीकरण तयार करण्याचें काम आमचेकडे आलें. आम्हीं मोठ्या हौसेनें एकतीस स्लाइड्स केल्या. त्यांपैकीं एकींत चव्वेचाळीस गांवांचा तक्ता अकरा रकान्यांत बसविला. एका वाडीपुढें शेवटच्या रकान्यांत ‘विहीर आटली, टँकर आवश्यक’ असा शेरा होता. माहिती पुरी होती, बेरजा बरोबर होत्या. आम्हांस समाधान वाटलें. सभेंत ती स्लाइड पडद्यावर अर्धा मिनिटसुद्धां राहिली नाहीं. तिसऱ्या रांगेंतून तीं अक्षरें मुंग्यांच्या ओळीसारखीं दिसत होतीं. कोणीं कांहीं विचारलें नाहीं आणि पुढची स्लाइड आली. त्या वाडीचा टँकर पुढील बैठकीनंतर, म्हणजे सोळा दिवसांनीं, सुरू झाला. तोंपर्यंत तेथील बायका तीन किलोमीटरांवरून पाणी वाहत होत्या. पुढें कामानिमित्त त्या वाडीस गेलों असतां एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाले, “भाऊसाहेब, आमची विहीर तुमच्या कागदावर होती म्हणतां, मग ती कुणाला दिसली कशी नाहीं?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही ज्यास माहिती देणें म्हणत होतों, तें वस्तुतः माहिती झांकणें होतें.

हा दोष केवळ तालुक्याच्या कारकुनाचा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. १६ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेचें ‘कोलंबिया’ हें अवकाशयान उडालें. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आंतच बाहेरील इंधनटाकीवरील फेसासारख्या आच्छादनाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान आकाशांत असतांनाच तज्ज्ञांनीं या आघाताचा विचार केला व त्याचें सादरीकरण वरिष्ठांपुढें झालें. त्यांतील एका स्लाइडच्या मथळ्याचा भाव असा होता कीं, चाचण्यांवरून केलेला अंदाज सावधपणाचाच आहे. त्याखालीं लहान-लहान ओळींची उतरंड होती. अगदीं तळाच्या ओळींत असें नमूद होतें कीं, चाचणींत वापरलेला तुकडा ३ घनइंच होता आणि यानावर आदळलेला सुमारें १९२० घनइंच, म्हणजे सहाशें चाळीस पट. हाच आंकडा सर्वांत महत्त्वाचा होता. घरगुती मापानें सांगावयाचें तर पहिला तुकडा एका लिंबाएवढा आणि दुसरा तेलाच्या दोन डब्यांएवढा! धोका नाहीं असें मानून यान परत आणण्यांत आलें. १ फेब्रुवारी २००३ रोजीं तें परततांना आकाशांतच मोडून पडलें व सातही अंतराळवीर मृत्युमुखीं पडले. हरियाणांतील कर्नाल येथें जन्मलेल्या कल्पना चावला त्यांतच होत्या. यान मोडलें तें पंखास पडलेल्या भोंकामुळें, स्लाइडमुळें नव्हे. परंतु नंतर नेमलेल्या चौकशी मंडळानें आपल्या अहवालांत या स्लाइडचा मुद्दाम उल्लेख केला आणि रीतसर लेखी टिपणांऐवजीं स्लाइड्सवर भिस्त ठेवण्याच्या प्रघातावर ठपका ठेविला. लिंबू आणि दोन डबे हें चित्र मथळ्याखालीं असतें, तर तें कोणाच्याही नजरेंतून सुटलें नसतें.

तेव्हां शिकावयाचें तें इतकेंच, कीं ज्या गोष्टीवर निर्णय अवलंबून आहे ती प्रथम, मोठ्या अक्षरांत व पुऱ्या वाक्यांत सांगावी. आतां हें साधावें कसें, तें अनुभवाप्रमाणें सांगतों.

संगणक उघडण्यापूर्वीं कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावें: सभा उठतांना समोरच्यांनीं काय ठरविलें पाहिजे? हें वाक्य लिहितां येत नसेल, तर सादरीकरणाची वेळ आलेली नाहीं असें समजावें. तें वाक्य हातीं आल्यावर त्यास आधार देणारे चार-पांच मुद्दे निवडावे आणि प्रत्येकास एक स्लाइड द्यावी. मथळा नुसत्या नांवाचा नसावा. ‘वितरिका क्रमांक ३ : आवर्तन’ असा मथळा वाचून कोणासही कांहीं कळत नाहीं. ‘तिसऱ्या आवर्तनाचें पाणी टेलच्या शेतांपर्यंत पोहोंचलें नाहीं’ असें लिहिल्यास तक्रार, स्थळ व वेळ एकदम ध्यानांत येतात. खालीं त्या वाक्याचा पुरावा तेवढा असावा, मग तो नकाशा असो, फोटो असो किंवा एखादा आंकडा. विहिरीच्या फोटोंत हातहात अंतरावर गांठी मारलेला दोर सोडलेला असला, तर पाणी किती खोल गेलें तें बघणारा स्वतःच मोजतो. आपणांस बोलावेंही लागत नाहीं.

आंकड्यांच्या स्तंभाकृति काढतांना पट्टी शून्यापासून सुरू करावी. एका वाणाचें उत्पन्न १८ क्विंटल व दुसऱ्याचें २० असतां, पट्टी १७ पासून धरली तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो. असा डाव बँकेच्या माणसाच्या एकदां लक्षांत आला, कीं आपल्या खऱ्या आंकड्यांवरूनही त्याचा विश्वास उडतो. लबाडीनें मिळालेली टाळी महाग पडते.

अक्षर मोठें असावें. देवनागरींत रफार, मात्रा व अनुस्वार बारीक आकारांत एकमेकांत मिसळतात. इंग्रजीस जो आकार पुरतो तो मराठीस पुरत नाहीं. दिवसा उजेडाच्या दिवाणखान्यांत पांढऱ्यावर काळें अक्षर उत्तम दिसतें. निळ्यावर तांबडें कोणासच दिसत नाहीं. सभेपूर्वीं स्वतः शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहावें. मजकूर युनिकोडमध्यें टंकलेला असावा. जुन्या टंकांतील मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली कीं तिचा अर्थहीन चिन्हांचा सडा होतो. त्याच सादरीकरणाची पीडीएफ प्रत जवळ ठेवावी, म्हणजे अक्षरें जशींच्या तशीं राहतात.

आतां बोलण्याविषयीं. ‘पॉवरपॉइंट’ ही प्रणाली १९८७ सालीं बाजारांत आली. परंतु पडद्यावर चित्र टाकून लोकांस गोष्ट सांगण्याची विद्या महाराष्ट्रास तिच्या किती तरी आधींपासून ठाऊक आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें दिव्याच्या उजेडानें चित्रें दाखविण्याचे खेळ केले. काचेवर हातानें रंगविलेलीं तीं चित्रें पडद्यावर पडत आणि कथा निवेदक सांगे. चित्रानें दाखवावें व माणसानें बोलावें, ही त्यांतील वांटणी आजही योग्यच आहे. आज बहुतेक वक्ते सभेकडे पाठ करून पडद्यावरील मजकूर वाचतात. वाचावयाचेंच असेल, तर सभेस साक्षर माणसें आहेत; त्यांस कागद वांटून घरीं जावें! मुद्दा जिव्हाळ्याचा असेल तेव्हां पॉवरपॉइंट चालू असतांना ‘बी’ ही कळ दाबावी. पडदा काळा होतो व सर्वांची नजर बोलणाऱ्याकडे वळते. पुन्हा तीच कळ दाबतांच चित्र परत येतें. घरीं घड्याळ लावून दोनदां मोठ्यानें बोलून पाहावें. दहा मिनिटें दिलीं असतील तर आठांत संपवावें. उरलेलीं दोन मिनिटें प्रश्नांचीं असतात, आणि निर्णय बहुधा प्रश्नोत्तरांतच होतो.

शेवटीं कागदाविषयीं. गट क्रमांक, खातेदारांचीं नांवें, क्षेत्र, महिनावार आंकडे यांची जागा पडद्यावर नव्हे, हातीं द्यावयाच्या छापील टिपणांत आहे. पडदा उजळतो आणि विझतो, कागद फाइलींत राहतो. शिवाय वीज गेली तरी कागद वाचतां येतो, आणि आपल्या सभांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं.

त्या वाडीची स्लाइड आज पुन्हा करावयाची झाली तर तक्ता आम्ही टिपणांत ठेवूं आणि पडद्यावर एवढेंच लिहूं: ‘या वाडीची विहीर आटली आहे, टँकर उद्यां हवा.’ खालीं कोरड्या विहिरीचा एक फोटो. त्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. सोळा दिवस वांचले असते. आपापल्या संस्थेचें म्हणणें घेऊन पडद्यापुढें उभें राहणाऱ्या वाचकांनीं आपली विहीर कितव्या ओळींत आहे, तें आधीं पाहावें. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.