कायापोंची ‘संस्कृती’ आणि टेरेन्स टर्नर

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनची उपनदी शिंगूच्या खोऱ्यात राहणाऱ्या कायापो जमातीत अमेरिकी मानवशास्त्रज्ञ टेरेन्स टर्नर १९६२ साली प्रथम गेले. पुराकथा, विधी आणि नातेसंबंध हे तेव्हाचे त्यांचे अभ्यासविषय. वस्तीत मिशनरी होते, सरकारी कर्मचारीही होते. पण हा बाहेरचा दबाव ‘मूळ’ संस्कृतीचा भाग नव्हे, अशी त्या काळच्या अभ्यासकांची धारणा होती. पुढे शिकागो विद्यापीठात शिकवीत असताना १९८० साली त्यांनी कायापोंच्या देहसजावटीवर एक गाजलेला निबंध लिहिला. शेंद्रीचा लाल किंवा जेनिपापो फळाचा काळा रंग अंगावर चढतो, तो केवळ हौसेपोटी नव्हे. वय, नाते आणि प्रतिष्ठा समाज त्वचेवरच नोंदवीत असतो, हे त्याचे सार.

परंतु टर्नर यांचे खरे योगदान यापुढचे आहे. १९८०च्या दशकात सोन्याच्या खाणी, लाकूडतोड आणि धरणांचे आराखडे दाराशी येताच कायापोंनी ‘कुल्तुरा’ हा पोर्तुगीज शब्द उचलला. आपल्या रोजच्या जगण्याला बाहेरचे लोक संस्कृती म्हणतात, इतकेच नव्हे तर तिच्या नावाने हक्कही मागता येतात, हे त्यांनी ओळखले. या जाणिवेत मानवशास्त्रज्ञांच्या आणि चित्रपट पथकांच्या वावराचाही वाटा होता, हे टर्नर यांनी लपविले नाही. संस्कृती ही जपून ठेवण्याची वस्तू नसून समाजाने स्वतःला घडविण्याची क्रिया आहे, असे ते १९९१च्या लेखात मांडू लागले. १९९० साली त्यांनी कायापो तरुणांना व्हिडिओ चित्रण व संकलन शिकविण्याचा प्रकल्प सुरू केला. कॅमेरा हाती असलेल्याचे गावातील वजन वाढते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

या राजकारणाचा कळस १९८९ साली आल्तामिरा येथे दिसला. शिंगूवरील कारारओ धरणाविरुद्ध शेकडो आदिवासी रंगलेल्या देहांनी तेथे जमले. तुईरा या कायापो तरुणीने वीज कंपनीच्या अभियंत्याच्या गालाला कोयत्याचे पाते लावले, ते छायाचित्र जगभर पोहोचले. टर्नर या मेळाव्याला हजर होते. जागतिक बँकेचे कर्ज अडले आणि धरण लांबणीवर पडले.

कारारओ ही कायापोंची युद्धघोषणा. ते नाव शासनाने पुढे वगळले. टर्नर नोव्हेंबर २०१५मध्ये निवर्तले. आराखडा बदलून बांधलेल्या त्या धरणाची वीज २०१६ साली वाहू लागली, ती ‘बेलो मोंते’ या नावाने.