ताटात काय ते आपण ठरवू, पोटात किती ते मुलाला ठरवू द्या

"खातच नाही हो!" बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ही तक्रार रोजची. तिच्यामागची काळजी खरी असते. पण काळजीपोटी आपण जे उपाय करतो, त्यातले बरेचसे मुलाचं जेवणावरचं मन उडवतात. म्हणून काही पक्क्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज : वर्षाचं होईपर्यंत छान खायचं, आता खाणं घटलं. काहीतरी बिघडलंय.

वस्तुस्थिती : जन्मतः 3 किलोचं बाळ वर्षभरात साधारण 9 किलोचं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढतं, पुढे वर्षाला सुमारे 2 किलो. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते, आणि ती रोज सारखी नसते. सकाळी दोन घासांत उठलेलं मूल रात्री पोळी मागून घेतं. त्यामुळे एका जेवणावरून नव्हे, आठवड्याच्या खाण्यावरून अंदाज बांधावा. शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे न बघता माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा आलेख बघावा.

गैरसमज : पानातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही.

वस्तुस्थिती : अन्न टाकू नये हा संस्कार मोलाचाच. तो वाढताना पाळावा : आधी थोडंच वाढावं, लागेल तसं पुन्हा द्यावं. पोट भरल्यावरही "हा आजीचा, हा मामाचा" करत घास भरवत राहिलं, तर पोट भरल्याची खूण ओळखायची मुलाची सवय मोडते. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी 1980च्या दशकात एक सोपी वाटणी मांडली : काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने.

गैरसमज : मेथी एकदा थुंकली, म्हणजे त्याला आवडतच नाही.

वस्तुस्थिती : साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाला नाक मुरडणं हा वाढीचाच भाग आहे. एखादी चव ओळखीची व्हायला 8 ते 15 वेळासुद्धा लागू शकतात, आणि आपण तिसऱ्याच वेळी हात टेकतो. मेथी निवडायला मुलाला शेजारी बसवा, पानं खुडू द्या, वास घेऊ द्या. जेवताना आवडीच्या वरणभाताशेजारी चिमूटभर भाजी वाढा आणि "खा" न म्हणता स्वतः चवीने खा. त्याने नुसतं बोट लावून चाटलं, तरी त्या दिवसापुरतं ते पुरेसं आहे.

गैरसमज : "भाजी संपव, मग चॉकलेट" यात काय वाईट?

वस्तुस्थिती : यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट हे बक्षीस. संशोधक लीअन बर्च यांच्या प्रयोगांत, बक्षिसाच्या आमिषाने प्यायला लावलेलं पेय मुलांना नंतर कमी आवडू लागलं. उलट, समोर ठेवून मनाई केलेल्या खाऊकडे ओढा वाढला. म्हणून गोडाची सौदेबाजी नको आणि धाकही नको. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर देऊच नये. मोठ्या मुलांसाठी घरात साठा ठेवू नये. सणाला लाडू केले की जेवणाबरोबर पानातच एक वाढावा.

गैरसमज : जेवला नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे.

वस्तुस्थिती : दूध चांगलं, पण त्यात लोह अगदी कमी. वर्षावरच्या मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त प्यायलं तर जेवणाची भूक मरते. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयाची आढळली, म्हणून हे हलक्यात घेऊ नये. दुधात घालायच्या गोड पावडरींवरही भिस्त नको. अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढा, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं.

गैरसमज : मोबाइल लावला की चार घास जास्त जातात.

वस्तुस्थिती : जातात, पण मुलाच्या नकळत. चव, भूक, तृप्ती यांकडे त्याचं लक्षच नसतं. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून, पडदा बंद ठेवून घेतलेलं वीस-पंचवीस मिनिटांचं जेवण जास्त उपयोगाचं.

वजन वाढायचं थांबलं किंवा घटलं, घास गिळताना वारंवार ठसका लागू लागला, मूल मोजक्याच पदार्थांवर अडून बसलं, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. एरवी वेळेवर, घरचं, तऱ्हेतऱ्हेचं अन्न समोर ठेवलं की आपलं काम झालं. किती खायचं, ते भुकेल्या मुलाला शिकवावं लागत नाही.