माडीची जमीन

सकाळी सहाला चिंचणीच्या घरी पोचलो तेव्हा काकू मागच्या पडवीत शेणकाला करत बसली होती. पडवीची जमीन ती दर आठ-दहा दिवसांनी सारवते. जुनं सारवण कुणी कधी खरवडून काढलेलं नाही, त्याच्यावरच नवा हात फिरतो. माडीवरच्या सागाच्या फळ्यांचंही मला आज असंच करायचं होतं. रंधा नाही, पॉलिश पेपर नाही, घासायचं मशीन तर नाहीच.

त्याला कारण माडीची मधली खोली. दहा वर्षांपूर्वी ती आम्ही मशीनने घासून घेतली. महिनाभर आरशासारखी दिसली. पण फळ्या पातळ झाल्या, खिळ्यांची डोकी वर आली, आणि वर मारलेलं व्हार्निश दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरून सुटलं. गेलेलं लाकूड परत आणता येत नाही. समुद्राकडची खोली तेवढी वाचली, कारण त्या वेळी पैसे संपले होते.

साडेसहाला ती खोली झाडायला घेतली. सामान आदल्या रात्रीच हलवलं होतं. फटींतली धूळ रंगाच्या ब्रशने काढली. ऊन तिरपं येऊ लागलं तशा फळ्यांवरच्या हातरंध्याच्या उथळ लाटा दिसू लागल्या. खिडकीशी चार खळगे आहेत. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. त्याचं बांधकाम चालू असताना या खोलीत भाडेकरू राहत, त्यांच्या लोखंडी खाटेच्या पायांचे ते खळगे. ते बुजवायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं.

सातला सुतारकाका आले. हत्यारांची पिशवी त्यांनी खालीच ठेवली. "आधी विचारू या फळीला," म्हणाले. दाराशी पाण्याचा थेंब टाकला, तो लगेच मुरला आणि तिथे काळपट ठिपका उमटला. कोपऱ्यात टाकलेला थेंब मात्र मोत्यासारखा उभा राहिला. म्हणजे पायवाटेवरचं लाकूड उघडं पडलेलं, कडेला जुनं पॉलिश शिल्लक. पॉलिश कशाचं ते कळायला कोपऱ्यात स्पिरिटचं फडकं घासलं. फडक्याला तपकिरी चिकटा आला. लाखेचं पॉलिश. आमच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. व्हार्निश असतं तर ते असं सुटलं नसतं.

आठ ते बारा एवढंच काम. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं हातभर जागेवर दोन-तीन मिनिटं पसरून ठेवायचं, मग हिरव्या घासणीने रेषांच्या दिशेने घासायचं, आणि कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं. उशीर झाला तर विरघळलेली लाख तिथेच पुन्हा बसते. आडवं घासलं तर ओरखडे पडतात. खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि दुपारपर्यंत खाली चूल किंवा गॅस पेटवायचा नाही असं काकूला सांगून ठेवलं होतं. तिने पहाटेच भात करून ठेवला होता. गुडघे दुखले, पण लाकडाचा कण न जाता फळी उघडी होताना पाहणं हे फार मोठं समाधान आहे. खिळ्यांभोवतीचे काळे डाग आम्ही मागच्या रविवारीच ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने काढले होते. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन मिळून ते पडतात. ते पाणी विषारी, म्हणून हातमोजे घालून, आणि नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून. पाणी लागलेली फळी आठवडाभर वाळू द्यावी लागते, म्हणून ते आधी.

जेवण थंडच झालं. भात आणि कालचं बोंबलाचं कालवण.

दोनला तेल. बोईसरच्या रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड बेलतेल आणलं होतं, म्हणजे अळशीचंच. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन मिसळलं, म्हणजे ते आत शिरतं. फडक्याने पातळ लावायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. लोक चुकतात ते इथे. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. जाड ठेवलं तर वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. साग मुळातच तेलकट, तो फारसं पितही नाही. डिसेंबर निवडला तोही यासाठीच. पावसाळ्यात इथल्या ओल्या खाऱ्या हवेत हे तेल दिवसच्या दिवस ओलं राहतं.

चारपर्यंत फळ्यांना काकवीचा रंग आला. खाटेचे खळगे जरा जास्तच गडद झाले. सुतारकाका बराच वेळ उंबऱ्यात उभे होते.

पाचला फडकी. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. बेलतेलाची फडकी बोळा करून टाकली तर आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेटतात. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये ३८ मजल्यांची एक इमारत जळली आणि तीन अग्निशामक जवान गेले. सुरुवात अळशीच्या तेलाच्या अशाच फडक्यांपासून झाली होती. आमची फडकी मी पाण्याच्या बादलीत बुडवली, वर झाकण घातलं आणि बादली अंगणात, घरापासून लांब ठेवली.

"चालायचं कधी त्याच्यावर?" काकूने जिन्याखालून विचारलं.

"आठवडाभर नाही. पुढच्या रविवारी दुसरा हात, बिनटर्पेंटाइनचा."

मांजर वर जाऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी मी एक फळी आडवी लावली. काकूची पडवी सकाळीच सुकली होती, आणि मांजर तिथे पाय पसरून झोपलं होतं.