मामणोलीचे ४५ दिवस

कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामणोली गावी समतोल फाउंडेशनचे मनपरिवर्तन केंद्र आहे. घर सोडून मुंबई-ठाण्याच्या रेल्वे स्थानकांवर राहू लागलेल्या मुलांना येथे ४५ दिवसांच्या निवासी शिबिरासाठी आणतात आणि नंतर आईवडिलांच्या स्वाधीन करतात. विजय जाधव यांनी उभी केलेली ठाण्याची ही संस्था सुमारे दोन दशके हे काम करीत आहे. फलाट आणि घर यांच्यामधला हा मुक्काम आहे, आणि त्याला मुदत आहे, हेच त्याचे वैशिष्ट्य. मूल येथे कायमचे राहायला येत नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

खानदेश, विदर्भ आणि उत्तर भारतातून मुंबईला येणाऱ्या अनेक गाड्या कसारा घाट उतरतात आणि खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद असा शहापूर तालुका ओलांडून कल्याण गाठतात. पळून आलेली पुष्कळ मुले याच वाटेने येतात. शेजारच्या मुरबाड तालुक्यात मात्र अद्याप रेल्वे नाही. मुरबाड रस्त्यावरच्या या केंद्राला त्याचा फायदाच होतो. फलाटावर पैसा, सवंगडी आणि नशा या तिन्ही गोष्टी हाताशी असतात. त्यांच्यापासून चार हात लांब गेल्याशिवाय बाकीचे उपाय लागू पडत नाहीत.

घर सुटण्याची कारणे सहसा एकेकटी येत नाहीत. बापाची दारू, रोजचा मार, सावत्रपणाची वागणूक, नापास झाल्याची भीती, लहान वयात गळ्यात पडलेले काम. यांतली दोन-तीन एकत्र आली की मूल गाडीत बसते. स्थानकावर ते डब्यात झाडू मारते, रिकाम्या बाटल्या वेचते, भीक मागते. मोठी मुले त्याला सोल्यूशन दाखवतात. पंक्चर काढण्याचे हे रसायन रुमालावर ओतायचे, रुमाल मुठीत घट्ट धरायचा आणि नाकातोंडाशी नेऊन ओढायचे. त्यातले टोल्युइन काही क्षणांत मेंदूपर्यंत पोचते. भूक, थंडी आणि रात्रीची भीती थोडा वेळ जाणवत नाही. अंमल लवकर उतरतो, म्हणून रुमाल पुन्हा भिजवला जातो. मेंदू आणि मूत्रपिंडे यांची हानी होते. हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यूही येऊ शकतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या व्यसनविषयक पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के आढळले. त्या पाहणीतल्या सर्व नशांमध्ये मुलांचे प्रमाण प्रौढांहून जास्त असलेली ही एकच नशा.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी पर्यायी औषधे आहेत. सोल्यूशनची ओढ घालवणारे तसे औषध नाही. म्हणून वेळेवर जेवण, सलग झोप, प्रार्थना, योगासने, खेळ आणि श्रमदान यांनाच येथे औषधाचे मोल येते. ज्याच्या दिवसाला गाड्यांच्या वेळापत्रकाखेरीज दुसरा आकारच नव्हता, त्या मुलाला हे सोपे जात नाही. सुरुवातीला चिडचिड होते, झोप उडते, भांडणे जुंपतात.

या कामातला सर्वांत नाजूक भाग पत्ता शोधण्याचा. मूल आधी नाव खोटे सांगते आणि ‘मला कोणी नाही’ म्हणते. ते खोडून काढण्यात अर्थ नसतो. गावाला नदी आहे का, बाजार कोणत्या वारी भरतो, जत्रा कोणत्या देवाची, एसटी कुठे थांबते, आजी काय रांधते असे विचारत राहिले की तालुका हळूहळू सापडतो. मग पोलीस ठाण्याला किंवा सरपंचाला फोन जातो. बोलीतला एखादा शब्दही जिल्हा सांगून जातो. अनोळखी मुलाशी दिवसेंदिवस असे बोलत बसणाऱ्या कार्यकर्त्याची चिकाटी कोणत्याही अहवालात मोजली जात नाही, आणि ती मोजली जायला हवी.

कायद्याची चौकट ठरलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण सोल्यूशन सायकलच्या दुकानात उघड मिळते आणि ते विकणे गुन्हा नाही. त्यामुळे विक्रेत्यावर बोट ठेवणे अवघड जाते.

खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते. ४५ दिवसांत मूल बदलले तरी बाप तोच असतो, दारूही तीच. शाळेत वर्ष बुडालेले असते आणि गावात ‘पळालेला पोरगा’ ही ओळख चिकटलेली असते. आधार म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वापोटी ४,००० रुपये. कागदपत्रे नसलेल्या कुटुंबाला मात्र यांतले काहीही पदरात पाडून घेणे कठीण असते.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आणखी एक अडचण आहे. कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा पाड्यावर हिवाळ्यात मुलाची चौकशी करायला गेले, तर घराला कडी असते आणि मूल कोणत्या भट्टीवर आहे हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. मूल मोठे झाल्यावरही प्रश्न उरतोच. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्याला कायद्याने २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, सोय आहे. ४५ दिवसांत घरी पाठवलेला मुलगा सहसा त्यात बसत नाही. पुढे तो पुन्हा बेघर होऊ शकतो. अशांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे निदान १०० जणांचा निवारा सांगितला होता. पण तो शहरांसाठी; तालुक्याच्या गावपाड्यांना ती तरतूद लागू नव्हती. निवाऱ्यासाठी त्याला कल्याणसारख्या शहरातच जावे लागते.