साखर १०८ की ६?

घरातील वडीलधारी मंडळी आता रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती पडताच इंटरनेटवर माहिती शोधू लागली आहेत. अक्षरे मोठी करून देणे, मराठीत बोलून शोध कसा घ्यावा हे दाखवणे, एवढी मदत नातवंडे करतातच. एक मदत मात्र राहून जाते असे आम्हांला वाटते, आणि ती रसायनशास्त्राची आहे.

समजा, आजोबांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत आणि उपाशीपोटीची साखर १०८ आली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या पानावर ते वाचतात की, जेवणापूर्वीची साखर ४ ते ७ असावी. कुठे ७ आणि कुठे १०८! घाबरून त्यांनी मनानेच एक गोळी वाढवली तर? साखर एकदम उतरून भोवळ येणे, पडणे, हाड मोडणे या वयात परवडणारे नाही.

वास्तविक हे दोन आकडे एकाच एककातले नाहीत. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे ते सांगतात; ब्रिटनमध्ये एका लिटरमध्ये किती मिलिमोल आहे ते. म्हणजे आपण वस्तुमान मोजतो, ते रेणूंची संख्या. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणू असतात. रेणुभार ७२ + १२ + ९६ = १८०. म्हणून १ मिलिमोल म्हणजे १८० मिलिग्रॅम. एवढे एका लिटरमध्ये असेल तर १०० मिलिलिटरमध्ये १८ मिलिग्रॅम आले. आता १०८ ला १८ ने भागा. उत्तर ६! आजोबांची साखर अगदी मर्यादेत आहे.

हा १८ सगळीकडे चालत नाही. कोलेस्टेरॉलचा रेणुभार सुमारे ३८७, त्यामुळे तेथे ३८.७ ने गुणावे लागते. ब्रिटिश पानावरचे ५ म्हणजे आपले सुमारे १९३. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे नाते तर निव्वळ गुणाकाराचेही नाही (६.५ टक्के म्हणजे त्यांचे ४८). तेथे तयार तक्ताच पाहावा.

औषधांच्या नावांचेही असेच. आपले पॅरासिटामॉल अमेरिकी पानांवर ॲसिटॅमिनोफेन या नावाने येते. निराळे औषध समजून दोन्ही घेतली, तर दुप्पट मात्रेचा मारा यकृतावर होतो.

अकरावीला मोल शिकवताना विद्यार्थ्यांना घरचा रिपोर्ट आणायला सांगून पाहावे. घरी मात्र मोबाइल आजोबांच्याच हातात असू द्यावा. आकड्यापुढची बारीक अक्षरे त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावीत, आणि भागाकारही त्यांनाच करू द्यावा.