काडतूस जुने झाले म्हणून निकामी होत नाही

उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी उतरते, वेळवंडी नदीचे जुने पात्र उघडे पडते आणि एरवी पाण्याखाली असलेले कांबरेश्वराचे मंदिर पाहायला लोक जातात. अशा कोरड्या गाळात किंवा भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मेटल डिटेक्टर फिरवला, तर तो नाण्यासाठी वाजतो तसाच काडतुसाच्या पितळेसाठीही वाजतो. हिरवट पडलेली पितळी नळी दिसली की ती किती जुनी, हा प्रश्न आधी मनात येतो. खरे तर ती जिवंत आहे की रिकामी, हे आधी पाहायला हवे.

राजगड-तोरण्याच्या परिसरात सापडलेली प्रत्येक वस्तू शिवकाळातली वाटते. पण त्या काळी बंदुकीत दारू आणि शिशाची गोळी वेगवेगळी ठासत. लष्करी बंदुकांसाठी पितळी काडतुसे रूढ झाली ती १८६०च्या दशकापासून.

बुडावरचा शिक्का

काडतुसाची ओळख त्याच्या बुडावर असते. 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले. हा कारखाना १८६९ साली सुरू झाला. अक्षरांमध्ये बाणासारखी खूण असेल, तर माल ब्रिटिश सरकारचा. 'ओएफव्ही' म्हणजे जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना.

थ्री-नॉट-थ्री रायफलच्या पुंगळीची लांबी सुमारे ५६ मिलिमीटर असते आणि बुडाची कडा बाहेर आलेली असते. शिक्क्यातले आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात, काडतूस झाडल्याचे नव्हे. ही रायफल पोलिसांकडे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके होती. बारा बोअरच्या काडतुसाची कागदी नळी कुजून नुसते पितळी बूड उरते. त्यावरचा १२ हा आकडा १९१२ साल नसून नळीचे माप असते.

जिवंत की रिकामे?

बुडाच्या मधोमध छोटी गोल टोपी असते. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन भरलेले असते. टोपीवर खळगा आणि पुढे गोळी नाही, तर काडतूस बहुधा झाडलेले. गोळी जागेवर असेल, तर खळगा असूनही ते जिवंत समजावे, कारण बार फुसका गेलेला असू शकतो. गोळी नाही पण टोपी अखंड आहे, तर टोपीतले रसायन शिल्लक असू शकते.

पाण्यात पडलेली दारू भिजून वाया गेली असेल, असे वाटते. पण टोपी आणि गोळीभोवतीच्या फटी लाखेसारख्या लेपाने बंद केलेल्या असतात, त्यामुळे आतली दारू अनेक वर्षे कोरडी राहू शकते. ब्रिटिश काडतुसांतल्या कॉर्डाइट या दारूत नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज असते. काळ जातो तसे त्यांचे विघटन होते, पण म्हणून काडतूस सुरक्षित होत नाही. जुन्या टोप्यांतला पाऱ्याचा फल्मिनेट ठोक्याला, घर्षणाला आणि उष्णतेला फार संवेदनशील असतो. शिक्का वाचण्यासाठी काडतूस घासणे, चिमट्यात धरणे किंवा भंगारात वितळवणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. आगीत पडलेले काडतूस बंदुकीशिवायही फुटते आणि पितळेचे तुकडे उडतात.

काय करावे?

दिसलेले काडतूस उचलू नका. लांबूनच फोटो घ्या, जागेची खूण ठेवा, मुलांना दूर करा आणि ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. गरज पडल्यास बॉम्बशोधक व नाशक पथक येते. चुकून हाताळलेच, तर हात साबणाने धुवा, कारण गोळीतले शिसे विषारी असते. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते आठवण म्हणून कपाटात ठेवलेले का असेना. राजगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर विनापरवाना खोदकामही करता येत नाही.

काडतूस कुठले, हे फोटोतल्या शिक्क्यावरूनही जाणकार सांगू शकतात. त्यासाठी ते घरी आणण्याची गरज नाही.